काच पश्चिमेची, वारा दक्षिणेचा: तौक्ते वादळानंतर एका उंच इमारतीची तपासणी

पार्श्वभूमी

मध्य मुंबईत जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ३८ मजली निवासी इमारतीचं हे प्रकरण आहे. उंची साधारण १२५ मीटर. डिझाइन २००९ च्या सुमारास झालं आणि काही वर्षांनी लोक राहायला आले. मधोमध लिफ्ट-जिन्यांचा काँक्रीटचा कोअर, बाजूंना शिअर वॉल (वाऱ्याचा आडवा भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती), मजल्यावर चार घरं, खाली पार्किंगचे मजले आणि त्यांच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, बाग. सोसायटीची आणि रहिवाशांची ओळख पटू नये म्हणून जागेचे नि माणसांचे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम तसाच ठेवला आहे. सोसायटीने नेमलेला सल्लागार म्हणून मी या कामात होतो.

डिझाइन झालं तेव्हा आजूबाजूला बहुतेक बैठ्या चाळी आणि गिरणीच्या शेड होत्या. पश्चिमेला काही अंतरावर समुद्र, मध्ये आडवं येणारं फारसं काही नाही. २०२१ पर्यंत मात्र दक्षिणेच्या भूखंडावर दुसरी, याहून उंच इमारत अर्ध्यापर्यंत आली होती. या बदलाचा संबंध पुढे येईल.

पहिली सूचना ५ ऑगस्ट २०२० ला मिळाली होती. त्या संध्याकाळी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी सुमारे १०७ किलोमीटरपर्यंत गेले, जेएनपीटी बंदरात क्रेन कोसळल्या. या इमारतीत फक्त एका बाथरूमच्या झडपेची काच डक्टमध्ये पडली. तक्रारवहीत नोंद झाली, काच बदलली, विषय संपला. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, ३ जूनला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. मुंबई थोडक्यात वाचली, अशीच तेव्हा सगळ्यांची भावना होती.

समस्या

१७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून, किनाऱ्यापासून दूर राहून, गुजरातच्या दिशेने चाललं होतं. कुलाब्याला झोतांनी ताशी शंभर किलोमीटरचा आकडा ओलांडला. दुपारी ३१ व्या मजल्यावरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या घरात स्लायडिंग खिडकीचं एक अख्खं तावदान, ॲल्युमिनियमच्या चौकटीसकट, रुळातून निघून बाहेर पडलं. ते पोडियमच्या बागेत घसरगुंडीजवळ फुटलं. कोविडच्या निर्बंधांमुळे बाग बंद होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. एरवी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे वीसएक मुलं असतात. या प्रकरणाबद्दल बोलताना मी ही गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यामुळेच झाले.

त्याच दिवशी गच्चीवरच्या पावसाळी शेडचे पत्रे उडाले. काही शेजारच्या बांधकामावर सापडले, दोन सापडलेच नाहीत. तीसच्या वरच्या मजल्यांवर लोकांना इमारत हलताना स्पष्ट जाणवलं. काहींना मळमळलं, एक कुटुंब जिन्याने पोडियमपर्यंत उतरून आलं. बऱ्याच घरांत खिडक्यांच्या खालच्या रुळांमधून पाणी आत आलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन वेगवेगळ्या भीती एकाच नावाखाली फिरत होत्या. इमारत हलली म्हणजे ती कमकुवत आहे. काच पडली म्हणजे बांधकाम निकृष्ट आहे. आणि हवामान बदललंय, तेव्हा आता दरवर्षी असंच होणार. भर म्हणून १८८२ च्या मुंबईतल्या महावादळाचा, लाखभर मृत्यूंचा संदेशही आला. तसं वादळ झाल्याचा पुरावा जुन्या नोंदी धुंडाळणाऱ्या अभ्यासकांना सापडलेला नाही. नोव्हेंबर १९४८ चं वादळ मात्र खरं आहे आणि मुंबईला चक्रीवादळ नवीन नाही एवढं सांगायला ते पुरेसं आहे.

पहिला निर्णय: प्रश्न वेगळे करणं

समितीच्या पहिल्या बैठकीत ३४ व्या मजल्यावरचे काका म्हणाले, "साहेब, झुंबर हलताना मी डोळ्यांनी पाहिलंय. मला एवढंच सांगा, ही बिल्डिंग उभी राहणार ना?" त्यांना आकड्यांत उत्तर द्यायचं ठरवलं.

उंच इमारत वाऱ्यात हलतेच, ती हलावी असंच तिचं डिझाइन असतं. आयएस १६७०० या उंच इमारतींच्या मानकात वाऱ्यामुळे माथ्याच्या सरकण्याची मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाएवढी आहे. म्हणजे या इमारतीला २५ सेंटीमीटर. राहत्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं त्वरण (डोलताना वेग बदलण्याचा दर) दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापुढे जाऊ नये, असंही ते मानक सांगतं. माणसाला याच्या साधारण एक तृतीयांशालाच हालचाल कळायला लागते. त्यामुळे जाणवणं आणि धोका यांत मोठं अंतर आहे. पण नुसतं एवढं सांगून काकांची झोप परत येणार नव्हती. वरच्या मजल्यावर आणि मधल्या एका मजल्यावर पावसाळाभर कंपनमापक बसवले. मोजलेला आवर्तनकाळ, म्हणजे एकदा पूर्ण डोलायला लागणारा वेळ, डिझाइनमध्ये धरलेल्या आकड्याच्या जवळ निघाला. सांगाडा मऊ पडला असता तर हा काळ वाढलेला दिसला असता. तो आलेख सभेत भिंतीवर दाखवला, तेव्हा सांगाड्याची चर्चा थांबली.

उरला तो इमारतीच्या कातडीचा प्रश्न: खिडक्या, काचा, चौकटी, ग्रिल, गच्चीवरच्या वस्तू. खरा धोका तिथेच होता आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका ठेकेदाराने तर कॉलम जॅकेटिंगचा, म्हणजे खांबांभोवती नवं आवरण चढवून ते मजबूत करण्याचा, मोठा प्रस्तावही आणून ठेवला होता. तो बाजूला ठेवणं हा या प्रकरणातला पैसे वाचवणारा सगळ्यात मोठा निर्णय ठरला. ज्याला दुखणं नव्हतं त्याच्यावर उपचार झाले असते, खिडक्या तशाच राहिल्या असत्या आणि सोसायटीचा निधी संपला असता.

काच बाहेर का पडली

वारा दक्षिणेकडून होता. वादळ पश्चिमेला असताना मुंबईला साधारण आग्नेय ते दक्षिण दिशेचा वारा लागतो. मग पश्चिमेच्या भिंतीवरची खिडकी का गेली, आणि आत न ढकलली जाता बाहेर का पडली? बऱ्याच रहिवाशांना हे पटतच नव्हतं.

वारा दक्षिणेच्या भिंतीवर आपटून कोपऱ्यावरून वळतो, तेव्हा लगतच्या भिंतीपासून तो सुटतो आणि तिथे जोराचं शोषण तयार होतं. कोपऱ्याजवळच्या पट्ट्यात ते सगळ्यात जास्त असतं. म्हणूनच आयएस ८७५ या मानकाच्या वाऱ्याच्या भारावरच्या तिसऱ्या भागात कोपऱ्यांसाठी वेगळे, मोठे गुणांक दिले आहेत. त्यात आतल्या दाबाची भर पडते. त्या घरात दक्षिणेची बेडरूमची खिडकी उघडी राहिली होती. वारा आत शिरला आणि आतून बाहेर ढकलू लागला. मानकानुसार भिंतीतली उघडी जागा पाच टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरतात, वीस टक्क्यांच्या वर गेली तर ०.७. म्हणजे एक मोठी खिडकी उघडी राहिली किंवा फुटली, की घरातल्या बाकीच्या सगळ्या खिडक्यांवरचा भार बदलतो.

तरीही ती खिडकी टिकायला हवी होती. मुंबईसाठी मानकातला मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे, ताशी साधारण १५८ किलोमीटर. तीन सेकंदांचा झोत, जमिनीपासून दहा मीटरवर, पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तीचा, म्हणजे सरासरी पन्नास वर्षांतून एकदा येणारा. शहरी वस्तीत शंभर मीटर उंचीवर तो १.२ ने गुणला जातो आणि मूळ दाब चौरस मीटरला सुमारे १७० किलो होतो. तौक्तेच्या दिवशी शहरात नोंदलेले झोत ताशी शंभर-एकशेदहाच्या घरातले होते. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. त्यामुळे ढोबळ हिशेबाने त्या दिवशीचा भार डिझाइनच्या भाराच्या निम्म्याहूनही कमी होता.

निम्म्याहून कमी भारात खिडकी गेली. हवामान बदलाकडे बोट दाखवण्याआधी याचं उत्तर शोधणं भाग होतं.

ते उत्तर चौकट उतरवल्यावर हातात आलं. पडलेली खिडकी मूळची, बिल्डरने दिलेली नव्हतीच. रहिवाशांनी बाल्कनी बंद करून घेताना नवी स्लायडिंग बसवली होती. सेक्शन (चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या) पातळ, तावदान रुळात नीट बसण्यासाठी वरची बाजू घासून कमी केलेली, बाहेर निसटू नये म्हणून लावायचा अडथळा नाही. चौकटीचे स्क्रू काँक्रीटमध्ये न जाता प्लास्टरमध्येच संपत होते. त्यातला एक मी पान्याने फिरवायला गेलो तर बोटांनीच निघाला. डोकं चकचकीत, मधला भाग खाऱ्या हवेने गंजून आगकाडीएवढा. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साध्या लोखंडाचा स्क्रू लावला की समुद्राच्या हवेत हेच होतं. लोखंड खाऱ्या ओलीत गंजतं, त्याला टेकलेलं ॲल्युमिनियमही झिजतं आणि बंधन आतून संपत जातं, बाहेरून मात्र सिलिकॉनची रेघ शाबूत दिसते. फॅब्रिकेटरला बोलावलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, आम्ही सगळीकडे असंच बसवतो."

त्याचं वाक्य मला ठेकेदाराच्या प्रस्तावापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात हजारो बाल्कन्या अशाच बंद झाल्या आहेत.

मग हवामान बदलाचा संबंध काय

संबंध आहे, पण तो या काचेपुरता सरळ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. अतितीव्र वादळांची वाढ त्याहून मोठी, सुमारे १५० टक्के होती. कारण उबदार होत चाललेला समुद्र. जगभरच्या पातळीवर आयपीसीसीचं, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं, म्हणणं असं, की वादळांची एकूण संख्या वाढेलच असं नाही, पण तीव्र वादळांचं प्रमाण आणि त्यांचे कमाल वेग तापमानासोबत वाढतील. गडगडाटी वादळांच्या अचानक झोतांबाबत एवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

डिझाइनच्या दृष्टीने खरी अडचण वेगळी आहे. पन्नास वर्षांचा वारा हा शब्दप्रयोग जुन्या नोंदींवर उभा असतो आणि वाऱ्याचा स्वभाव बदलत नाही असं त्यात गृहीत असतं. पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तीचा वारा म्हणजे दरवर्षी दोन टक्के शक्यता. इमारतीच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. तोच वारा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ लागला तर ही शक्यता ८७ टक्क्यांवर जाते. इमारत तीच, आकडा तोच, धोका मात्र वाढलेला. आणि वेग दहा टक्क्यांनी वाढला तर दाब २१ टक्क्यांनी वाढतो. उंच, सडपातळ इमारतीचं वाऱ्याला आडवं डोलणं तर त्याहूनही वेगाने वाढतं.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. आयएस ८७५ च्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी किनाऱ्यासाठी के४ नावाचा जादा गुणक आला, पण तो पूर्व किनारा आणि गुजरातसाठी. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा किनारा त्यात नाही. जुन्या नोंदींवरून पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. निसर्ग आणि तौक्तेनंतर कोकणात राहणाऱ्या कुणालाही ते पुरेसं वाटणार नाही. शिवाय गुजरातमध्येही हा गुणक सरसकट नाही. रुग्णालयं, वादळ निवारे अशा वादळानंतर चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींना १.३०, औद्योगिक इमारतींना १.१५, आणि बाकी सगळ्यांना १.००, म्हणजे काहीच वाढ नाही. निवासी मनोरे त्या बाकीच्यांत येतात.

पर्याय

समितीपुढे चार रस्ते आले. पहिला, फक्त पडलेलं तावदान बदलणं. पोडियमच्या बागेमुळे तो पहिल्याच बैठकीत गळला. दुसरा, बदललेल्या परिसरासह नवी पवनबोगदा चाचणी (इमारतीचं छोटं मॉडेल बोगद्यातल्या वाऱ्यापुढे ठेवून दाब मोजणं) करून सगळं नव्याने तपासणं. तिसरा, सांगाड्याला हात न लावता सगळ्या खिडक्या आणि बाहेरच्या वस्तू तपासून कमकुवत ठिकाणी बदल करणं. चौथा एका तरुण रहिवाशाने मांडला: तैपेई १०१ मध्ये ६६० टनांचा गोळा टांगला आहे, तसं काही आपल्याकडे होईल का? त्याचा प्रश्न चांगला होता. तो गोळा डोलणं कमी करून वरच्या लोकांना आराम देतो. आपली मोजलेली हालचाल मर्यादेत होती आणि कुठलाही गोळा खिडकीच्या स्क्रूला मदत करत नाही.

पवनबोगद्याचा पर्याय माझ्या मनात सगळ्यात जास्त रेंगाळला. कागदपत्रं मागवली, बरीच पत्रं लिहिल्यावर मूळ डिझाइनचा आधार-अहवाल मिळाला. हिशेब आयएस ८७५ च्या १९८७ च्या आवृत्तीवर होता. चाचणी झाली होती, चांगली झाली होती, पण मॉडेलमध्ये भोवतालच्या जागेवर बैठ्या शेड होत्या. आता दक्षिणेला उंच इमारत येत होती. २०१५ च्या आवृत्तीत शेजारच्या उंच इमारतीमुळे होणाऱ्या वाढीसाठी प्राथमिक गुणक आहेत, जागेनुसार १.०७ पासून १.३५ पर्यंत. म्हणजे हवामान बदलाने वाऱ्यात जेवढा फरक पडेल अशी चर्चा आपण करतो, तेवढाच किंवा जास्त फरक शेजारचा भूखंड एका मंजुरीत पाडू शकतो. दोन्ही एकत्र आले तर जुन्या हिशेबातली शिल्लक कुठे गेली हे कुणालाच कळत नाही.

तरीही समितीने तिसरा रस्ता निवडला. चाचणीला पैसे आणि महिने लागले असते आणि पुढचा पावसाळा त्याची वाट पाहणार नव्हता. या घटकेला जे पडू शकतं ते आधी घट्ट करायचं, या क्रमाला मी पाठिंबा दिला. शेजारच्या इमारतीचा परिणाम मानकातल्या गुणकाने ढोबळ धरून सांगाड्याचा कागदी फेरहिशेब करून घेतला. तो मर्यादेत बसला, पण वरच्या काही भिंतींमध्ये पूर्वी होती तेवढी मोकळीक उरली नव्हती.

कृती

तपासणी आतून आणि बाहेरून झाली. आतून प्रत्येक घराची प्रत्येक खिडकी, बाहेरून दोरीवर उतरणाऱ्या दोन माणसांनी कोपऱ्यांचे पट्टे. धोक्याच्या खिडक्या बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या निघाल्या: नंतर बंद केलेल्या बाल्कन्या, त्यातही पंचविसाव्या मजल्याच्या वर आणि कोपऱ्यात. मूळ खिडक्यांमध्ये मुख्य दोष वाळलेल्या सीलंटचा आणि गंजलेल्या स्क्रूंचा होता.

इथे दुसरा मोठा निर्णय आला: नवी चौकट आणि तिला काँक्रीटमध्ये धरणारे नवे बोल्ट, म्हणजे अँकर, कुठल्या वाऱ्यासाठी घ्यायचे? मानकाने सक्ती केलेली नाही. हवामानाची प्रारूपं मुंबईच्या तीन सेकंदांच्या झोताचा पुढच्या पन्नास वर्षांचा आकडा हातात देत नाहीत. माझी शिफारस साधी होती. जिथे जादा ताकद स्वस्त आहे तिथे ती घ्या. झुला (बाहेरच्या कामासाठी दोरांवर टांगलेला पाळणा) लावणं, माणसं उतरवणं, घराघरांत वेळ घेणं हा खर्च एकदाच होतो. स्टेनलेसचा मोठा अँकर आणि एक माप जाड सेक्शन यांची भर त्यापुढे लहान आहे. म्हणून वेगावर १.१५ चा गुणक स्वेच्छेने घेतला, जणू आपला किनाराही यादीत आहे आणि इमारत एक वर्ग वरची आहे. त्याने दाब ३२ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक अँकर काँक्रीटमध्येच जाणार, नमुन्यादाखल काही ओढून तपासणार आणि प्रत्येक सरकत्या तावदानाला निसटू न देणारा वरचा अडथळा असणार, या अटी निविदेत लिहिल्या.

तिसरा निर्णय तांत्रिक नव्हता आणि सगळ्यात अवघड तोच गेला. बंद बाल्कन्या रहिवाशांनी स्वखर्चाने केल्या होत्या, परवानगीचा मुद्दाही नाजूक होता. बदलाचा खर्च कुणी करायचा? सर्वसाधारण सभा तापली. एका सदस्यांचं म्हणणं होतं, की माझी खिडकी तौक्तेत टिकली, मग मी का बदलू? तेव्हा सेक्रेटरी ताई उठून म्हणाल्या, "दादा, काच तुमच्या घरात पडली तर तो तुमचा प्रश्न. खाली बागेत पडली तर माझ्या नातीचा." मूळ खिडक्यांचा खर्च सोसायटीने, नंतरच्या बदलांचा त्या त्या घराने, मात्र काम एकाच फॅब्रिकेटरकडून, एकाच तपशिलाने आणि हप्त्यांत, असा ठराव झाला. त्याच सभेत बागेतला घसरगुंडीचा कोपरा भिंतीपासून आत सरकवण्याचंही ठरलं. तिथे आता झाडांचा पट्टा आहे. वरून काही निसटलंच तर खाली माणूस नसावा, ही कुठल्याही अँकरपेक्षा स्वस्त खबरदारी होती.

गच्चीची शेड काढण्याला वरच्या मजल्याच्या मालकांनी विरोध केला, कारण गळती. त्यांची तक्रार खरी होती. आधी वॉटरप्रूफिंग केलं, एक पावसाळा पाहिला, मगच शेड उतरवली. यात वर्ष गेलं, त्या काळात पत्रे जाड पट्ट्यांनी बांधून ठेवावे लागले.

शेवटी वादळाच्या दिवसाची कामं ठरली. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की सुरक्षारक्षकाच्या टेबलावरचं एक छापील पान निघतं. गच्चीवरच्या सुट्या वस्तू आत, झुला खाली उतरवून बांधलेला, पोडियम बंद, रिफ्युज एरियातली (आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेतली) कुंडी-खुर्ची हटवलेली, ज्या घरांत कुणी नाही त्यांच्या खिडक्यांची किल्लीधारकाकडून खात्री. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण उघडी राहिलेली एक खिडकी काय करते हे ३१ व्या मजल्याने दाखवलं होतं.

परिणाम

१३ मे २०२४ ला दुपारी मुंबईवर धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला मोठं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. तिथेही सांगाडा असलेली इमारत पडली नव्हती. वाऱ्यापुढे उभी केलेली, पुरेशी न धरलेली वस्तू पडली होती. त्या दिवशी कुठलाही इशारा फार आधी मिळालेला नव्हता. चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळतं, असं वादळ काही मिनिटांतच येतं. त्यामुळे या इमारतीत छापील पान निघेपर्यंत वारा सुरू झालेला होता.

काच पडली नाही. एका घरात दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या, तिथल्या हॉलचं फॉल्स सीलिंग खाली आलं. दोन घरांत पाणी शिरलं. सभेत खर्चाला विरोध करणाऱ्या सदस्यांची खिडकीही बदललेली होती आणि ती टिकली. जुनी असती तर टिकली असती की नाही, हे सांगता येणार नाही, आणि तसा दावा आम्ही कुठेच केला नाही. त्यानंतर एक बदल केला: छापील पान आता इशाऱ्याची वाट पाहत नाही. एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत गच्ची आणि रिफ्युज एरिया कायम मोकळेच ठेवले जातात.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी निसटलेली संधी शेजारी होती. दक्षिणेच्या इमारतीची स्वतःची पवनबोगदा चाचणी झाली, तेव्हा आपली इमारत त्या मॉडेलमध्ये होतीच. काही शे मीटरच्या परिघातल्या सगळ्या इमारती त्यात फोमच्या ठोकळ्यांसारख्या ठेवाव्याच लागतात. चाचणीच्या काळात विनंती केली असती आणि त्या ठोकळ्याच्या भिंतींवर दाब मोजणाऱ्या नळ्या बसवल्या असत्या, तर वेगळ्या चाचणीच्या तुलनेत थोड्या खर्चात आपल्या खिडक्यांवरचा नवा दाब कळला असता. सोसायटीला ही चाचणी झाल्याचंच उशिरा कळलं. मंजुरीच्या प्रक्रियेत शेजाऱ्याला हे कळवण्याची सोय असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. नव्या मनोऱ्याचा अहवाल आज फक्त त्या मनोऱ्यापुरता असतो, वारा मात्र दोन्ही इमारतींचा असतो.

दुसरं, डिझाइनचा आधार-अहवाल ताबा घेतानाच सोसायटीकडे यायला हवा होता. कुठली आवृत्ती, कुठला मूळ वेग, कुठला भूप्रवर्ग (भोवतालचा परिसर मोकळा की दाट वस्तीचा), मॉडेलमध्ये भोवताली काय होतं आणि खिडक्यांसाठी किती दाब धरला, एवढी पाच उत्तरं एका पानावर मावतात. ती नसल्यामुळे पहिले काही महिने अंदाजांत गेले.

तिसरं, ऑगस्ट २०२० ची तक्रारवहीतली नोंद. बाथरूमची झडप हे लहान प्रकरण होतं, पण निम्म्याहून कमी भारात काहीतरी सुटलं, हा त्यातला अर्थ तेव्हा वाचला गेला असता तर तौक्तेच्या आधी नऊ महिने हातात होते. तौक्तेनंतर मात्र वाऱ्याने पडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद मजला, दिशा आणि त्या दिवशीच्या कुलाबा-सांताक्रूझच्या झोतासह ठेवली जाते.

पवनबोगद्याची चाचणी अजून झालेली नाही. पूर्वेच्या भूखंडावर आता पुनर्विकासाचा प्रस्ताव आहे. त्याच्या विकासकाला सोसायटीने पत्र दिलं आहे: तुमच्या चाचणीच्या मॉडेलमध्ये आमच्या इमारतीवर दाबमापक बसवा, जादा खर्चाचा वाटा आम्ही उचलू, आणि तपासणी १.१५ गुणकासह व गुणकाशिवाय अशी दोन्ही करून द्या. पत्राची प्रत महापालिकेच्या उंच इमारतींसाठीच्या तांत्रिक समितीलाही गेली आहे. उत्तर यायचं आहे.